नीलपंख एक, तारेवर

एखादा पक्षी गावातून कायमचा निघून जातो, तेव्हा त्या दिवसाची तारीख कुणालाच ठाऊक नसते. माणूस गेला की घरचे वेळ सांगतात, शेवटचं काय बोलणं झालं ते सांगतात. पक्ष्याचं शेवटचं दर्शन घडतं तेव्हा ते शेवटचं आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. तो दुर्बीण खाली घेतो, वहीत एक ओळ लिहितो आणि चहाला निघतो. पुढच्या रविवारी पक्षी दिसत नाही. असेल इथंच कुठंतरी, म्हणून कुणी मनावर घेत नाही. मोसम सरतो. पुढच्या मोसमात ‘यंदा उशीर झाला वाटतं’ एवढं बोलणं होतं. त्याच्या पुढच्या मोसमात त्याचा विषयही निघत नाही.

डोंबिवलीच्या आमच्या पक्षीमित्रांमधले सर्वांत ज्येष्ठ काका वारले, त्यानंतर त्यांच्या मुलीनं त्यांच्या वह्या माझ्या हवाली केल्या. लांबट, कापडी बांधणीच्या, रोजकीर्दीला वापरतात तशा वह्या. काका रेल्वेत होते. पाळी नसेल त्या सकाळी निळज्याकडे, भोपरकडे, कधी पार पडले गावापर्यंत पायी जायचे. वहीत आधी जागा, मग वेळ, मग वारा, आणि त्यानंतर हटकून भाताची अवस्था. ‘लावणी चालू.’ ‘भात पोटरीत.’ ‘कापणी झाली, पेंढा शेतातच.’ तारीख पुसट झालेल्या पानांवरसुद्धा भातावरून महिना ओळखता येतो. जागांची नावं शेतकऱ्यांच्या तोंडची: मधला बांध, भूताची विहीर, उघाडीपलीकडचं खाजण. यांतल्या बहुतेक जागा आज कुणाला विचारून सापडणार नाहीत.

नव्वदीतल्या एका वहीत एक ओळ आहे. ‘रुळांपलीकडे. स. ७.२०. कापणी झाली. नीलपंख १, तारेवर.’

त्यानंतरच्या कुठल्याही वहीत नीलपंख नाही. मी पानं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. त्या ओळीखाली रेघ नाही, उद्गारचिन्ह नाही. तिच्या खालीच साळुंक्या किती आणि वेडे राघू किती, ते तितक्याच शांतपणे लिहिलेलं आहे.

नीलपंख बसलेला असतो तेव्हा डोळ्यांत भरत नाही. थोराड डोकं, जाड चोच, विटकरी छाती, मान आत ओढलेली. तारेवर असा बसतो की येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मळकट कबुतरासारखा वाटावा. बराच वेळ काही घडत नाही. मग खाली धसकटांमध्ये एखादा नाकतोडा सरकतो, पक्षी तारेवरून सुटतो, आणि पंख उघडताच दोन निळे रंग एकदम समोर येतात, एक शाईसारखा गडद आणि दुसरा फिका, आभाळी. नाकतोडा चोचीत धरून तो परत तारेवर येतो, त्याला दोनदा आपटतो, गिळतो. पंख मिटले की रंगही मिटतो. ज्यानं त्या दोन-तीन सेकंदांत वर पाहिलं त्यालाच नीलपंख दिसला. बाकीच्यांसाठी तारेवर काहीतरी बसलं होतं. चास म्हणतात तो हाच. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वाटेवर त्याचं दर्शन व्हावं म्हणून जुनी माणसं मान वर करून चालत. पावसाळा संपून तो मोकळ्या माळांवर आणि शेतांवर यायचा आणि दसरा यायचा, दोन्ही एकाच सुमारास. आज दसऱ्याच्या आदल्या दिवशी डोंबिवली स्टेशनबाहेर आपट्याच्या पानांचे ढीग लागतात, आणि चास पाहायचा तर कुठं जावं असं एखाद्या मुलानं विचारलं तर मला त्याला खोणीच्याही पुढची वाट दाखवावी लागते, तीसुद्धा खात्री न देता.

ही सगळी जमीन मुळात पाण्याची. उल्हास नदी राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांतून उतरते, कर्जत-बदलापूर करत कल्याणला येते, तिथं काळू तिला मिळते, आणि दुर्गाडीच्या आसपास तिच्यात भरतीचं पाणी शिरू लागतं. गोडं आणि खारं पाणी भेटतं तिथं गाळ साचतो, गाळात तिवरं वाढतात. माणसांनी तिथं बांध घातले, भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपा, म्हणजे उघाड्या, बसवल्या, आत खाजणं केली आणि खाजणांत भात लावला. आयरे, कोपर, भोपर, संदप, उसरघर, घारिवली, काटई, निळजे, देसाई, पडले. आगरी-कोळी गावांची ही माळ म्हणजे खरं तर एकच मोठं, उथळ, मोसमाप्रमाणे रूप बदलणारं पाणथळ होतं. लावणीच्या चिखलात बगळे माणसांच्या मागे मागे फिरायचे. भात पोटरीत आलं की बांधाच्या कडेनं पाणकोंबड्या आपली काळी पिल्लं घेऊन पळायच्या. कापणीनंतर जिथं पाणी घोट्याएवढं उरायचं तिथं तुतारी, चिखल्या, शेकाटे उतरायचे. थंडी लागली की धोबी यायचे, गप्पीदास यायचे, लव्हाळ्यात शंकर नावाचा तो निळ्या गळ्याचा चिमुकला पक्षी लपूनछपून वावरायचा, आणि वरून दलदली भोवत्या पंख उंच धरून सावकाश फिरायचा. तो आला की सगळं शेत एकदम उडायचं. फाल्गुनात जमीन तडकली की चंडोल जागेवरून वर चढत गायला लागायचे.

१९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली तेव्हा इथली २७ गावं तिच्यात आली. २००२ साली ती बाहेर निघाली, २०१५ साली पुन्हा आत आली. गावं आत-बाहेर होत राहिली, भराव मात्र एकाच दिशेनं चालला. कुठल्याशा डोंगराची कापलेली माती किंवा पाडलेल्या चाळींचा राडारोडा घेऊन डंपर यायचे, रात्री, एकामागून एक. आठ-दहा दिवसांत एक शेत जमिनीच्या पातळीला यायचं. जमिनीची पातळी म्हणजे रस्त्याची पातळी, हे तेव्हापासून ठरून गेलं. त्याच्या खाली जे काही होतं ते सगळं खड्डा म्हणून बुजवायचं.

मी स्वतः डोंबिवलीत वाढले. मलाही फ्लॅटच हवा होता आणि मी आज चौथ्या मजल्यावर राहते. माणसांनी कुठं राहायचं, हा प्रश्न खोटा नाही, आणि ज्या शेतकऱ्यानं जमीन विकली त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण शोक करायला अधिकार लागत नाही, आणि मला या जमिनीचा शोक आहे.

निळज्याच्या अलीकडे एक शिंदीचं झाड आहे. अजून आहे. त्यावर सुगरणींची वसाहत होती. जूनमध्ये पहिला पाऊस स्थिरावला की पिवळ्या डोक्याचे नर यायचे आणि काम सुरू व्हायचं. मी तिथं चिखलात उभी राहून तासन्‌तास पाहिलं आहे. नर भाताच्या किंवा गवताच्या पात्याच्या कडेला चोचीनं एक बारीकशी चीर देतो, चिरेचं टोक धरतो आणि वर उडतो. त्याच्या उडण्यानंच पात्याची लांब, सारखी पट्टी सुटून येते. अशा शेकडो पट्ट्या. आधी एक कडं विणतो, मग त्याला अर्धं छप्पर, आणि तिथं थांबतो. आता मादी येणार. ती कड्यावर बसते, चोचीनं एक-दोन ठिकाणी ओढून पाहते. पसंत पडलं तर आत अंड्यांची खोली होते आणि खाली लांब नळी निघते. नाही पडलं तर ते अर्धं घर तसंच लोंबत राहतं, पावसात काळं पडतं, आणि नर शेजारी दुसरं सुरू करतो. १९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली किहीमला राहत होते, हाताशी नोकरी नव्हती. तेव्हा घराजवळच्या वसाहतीसमोर ठाण मांडून त्यांनी सुगरणीचा हा सगळा संसार प्रथम नीट उलगडून दाखवला: एका नराची अनेक घरं, घरागणिक वेगळी मादी, आणि पसंतीचा हक्क सर्वस्वी मादीचा. अलिबागच्या किनाऱ्यावर त्यांनी जे पाहिलं तेच इकडे, दिवा-पनवेल मार्गावरच्या गाड्यांच्या खडखडाटात, दर पावसाळ्यात चालू होतं.

मग भोवतीची शेतं भरली. शिंदीचं झाड कुणी तोडलं नाही. त्याच्या खोडावर रंगानं क्रमांक घातला होता, कारण झाड तोडायला परवानगी लागते. त्याच्याभोवती गोल कठडा बांधला, कठड्याला टाइल्स लावल्या. पुढच्या जूनमध्ये नर आले. मी त्यांना पाहिलं. ते झाडावर बसले, कलकलाट केला, एक-दोघांनी मागच्या वर्षीच्या घरांचे धागे ओढून पाहिले. पाती आणायला ते जिकडे उडाले तिकडे पेव्हर ब्लॉक होते. काही दिवस ते येत-जात राहिले, मग येईनासे झाले. झाड वाचलं म्हणून त्या जागेची सरकारी नोंद आजही समाधानकारक असेल. गवताला कुणी क्रमांक घालत नाही. भाताच्या पात्याला, बांधावरच्या लव्हाळ्याला, घोटाभर पाण्याला परवानगीच्या अर्जात रकानाच नसतो.

कुणी म्हणेल, ठाण्याच्या खाडीत तर पक्षी वाढलेत. खरं आहे. ऐरोलीहून बोट पकडावी, हिवाळा सरता सरता, भरती-ओहोटीची वेळ पाहून. तिवरांच्या हिरव्या भिंतीपुढे ओहोटीचा चिखल उघडा पडलेला असतो आणि त्यावर दूरवर गुलाबी रंग पसरलेला, जवळ जावं तसा तो रंग पायांवर उभा राहतो, माना खाली घालतो, चिखलातून चालू लागतो. रोहित पक्षी. गेल्या तीसेक वर्षांत ते इथं मोठ्या संख्येनं येऊ लागले आणि काही वर्षी ती संख्या लाखाच्या वर गेली. २०१५ साली सुमारे १७ चौरस किलोमीटरचं फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ते दृश्य पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण लहान रोहित ज्या सूक्ष्म शैवालावर जगतो ते शैवाल खाडीत इतकं माजण्यामागे आपल्या शहरांचं मैलापाणी आहे, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे तो गुलाबी रंग खाडीच्या आरोग्याचं प्रमाणपत्र धरता येत नाही. आणि २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या आभाळात उतरत्या विमानाला रोहितांचा थवा धडकला, चाळिसेक पक्षी वस्तीत, गच्च्यांवर, रस्त्यांवर पडले. तेव्हा हेही कळलं की त्यांची खाडी आणि आपलं आभाळ वेगवेगळं नाही.

रोहित गेले तर वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी येईल. मंत्र्यांना प्रश्न विचारले जातील. चंडोलाचं तसं नाही. चंडोल मातीच्या रंगाचा, नीलपंख बसलेला असताना मातकट, गप्पीदास मुठीएवढा. त्यांच्यासाठी कुणी बोट सोडत नाही. पुस्तकात त्यांच्या नावापुढे ‘सर्वत्र आढळतो’ असं छापलेलं असतं, आणि जो सर्वत्र आढळतो तो इथं नसला तर काय बिघडलं, असं वाटून आपण पुढचं पान उलटतो. पक्षी देशातून नाहीसा होण्याच्या कितीतरी आधी तो एकेका गावातून नाहीसा होत असतो. निळज्यातून, मग काटईतून, मग खोणीतून. ‘सर्वत्र’ हा शब्द असा एकेका गावानं झिजत जातो.

इंग्लंडमध्ये पक्षी पाहणं काउंटीच्या हिशेबानं चालतं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. प्रत्येक काउंटीत पक्ष्यांच्या नोंदी सांभाळणारा एक माणूस असतो, बहुधा बिनपगारी. शाळेतली पोरं, निवृत्त पोस्टमन, शेतकरी, सगळे आपण पाहिलेलं त्याला कळवतात. तो शंका काढतो, पिसांचा रंग नीट पाहिला का म्हणून विचारतो, काही नोंदी नाकारतो, आणि वर्षाचा अहवाल निघतो. या वेडाचं मूळ बरंच मागे जातं. हॅम्पशर काउंटीतल्या सेलबोर्न या खेड्यातला पाद्री गिल्बर्ट व्हाइट यानं आपल्या गावाच्या निरीक्षणांचं पुस्तक १७८९ साली काढलं. दिसायला जवळजवळ सारखे असलेले तीन वटवटे त्यानं गाण्यावरून वेगळे ओळखले होते. या चिकाटीमुळे तिथल्या लोकांना आपल्या दुःखाची तारीख सांगता येते. लाल पाठीचा खाटीक एकेकाळी दक्षिण इंग्लंडच्या कुंपणाकुंपणांत घरटी करायचा. तो एकेका काउंटीतून कसा हटत गेला आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉरफॉक-सफोकच्या सीमेवरच्या ब्रेकलँडमध्ये नेमानं घरटं करणारी शेवटची जोडी कशी उरली होती, हे त्यांच्याकडे लिहिलेलं आहे. लिहून खाटीक वाचला नाही, हे मला कळतं. तरी ज्याचं जाणं नोंदलं गेलं त्याच्यासाठी पुढं कुणी काही करू तरी शकतं. डोंबिवलीतून नीलपंख कधी गेला हे सांगायला एका रेल्वेवाल्याची वही आहे, आणि ती माझ्या कपाटात आहे.

आता आपल्याकडेही हजारो लोक मोबाइलवर नोंदी करतात. अशाच लाखो नोंदींवरून २०२३ साली भारतातल्या ९४२ जातींच्या पक्ष्यांचा अहवाल निघाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळातला कल काढता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्या आहेत. माळरानं आणि उघड्या जमिनीवरचे पक्षी फार वाईट अवस्थेत आहेत. नीलपंखाचं नाव त्यात ठळक आहे. त्याची जागतिक स्थिती नव्यानं तपासायला हवी, असं अहवालानं सुचवलं आहे. मी ते वाचलं तेव्हा मला वहीतली ती ओळ आठवली. देशाला जे आत्ता आकड्यांत कळतंय ते रुळांपलीकडच्या एका तारेवर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच घडून गेलं होतं.

जून २०२५ मध्ये मारुती चितमपल्ली गेले. जन्म सोलापूरचा, उभी नोकरी वनखात्यात, आणि शेवट पुन्हा सोलापुरात. त्यांच्या ‘पक्षीकोशा’मुळे माझ्यासारख्या कितीतरी जणांना पक्षी मराठीत भेटले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालीम अलींचा. या दोन दिवसांमधला आठवडा आता महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात आम्ही शाळांमध्ये जातो. मुलं हुशार आहेत. रोहित ओळखतात, धनेश ओळखतात, मॅकॉसुद्धा ओळखतात. चंडोलाचं चित्र दाखवलं की एकमुखानं सांगतात, चिमणी. त्यांना कसं सांगावं, की त्यांची शाळा उभी आहे त्याच जागेवर हा पक्षी सकाळी गात गात इतका वर चढायचा की दिसेनासा व्हायचा आणि नुसतं गाणं उरायचं?

ठाण्याच्या बाजूची गोष्ट जराशी वेगळी. तिथं डोंगर आहे, येऊर आहे, आणि त्या जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचं कुंपण आहे. मेच्या अखेरीला नवरंग येतो आणि त्याची दोन सुरांची शीळ उपवनच्या वरच्या उतारावर पहाटे ऐकू येते. तिबोटी खंड्याही पहिल्या पावसाबरोबर येतो, माणसाच्या तळहातावर मावेल एवढा, जांभळा-नारिंगी, एखाद्या ओहोळाच्या कडेला मातीत बीळ करून राहणारा. हे पक्षी रात्री प्रवास करतात. घोडबंदर रस्त्याच्या दुतर्फा आता काचेचे मनोरे आहेत, रात्रभर दिवे लागलेले. जूनच्या सकाळी कुणाचा तरी फोन येतो, बाल्कनीत एक रंगीत पक्षी पडलाय, काय करू? पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, भोकं पाडा, पाणी पाजू नका, अंधारात राहू द्या. कधी तो अर्ध्या तासात सावरतो आणि उडतो. कधी दुसरा फोन येतो. एका बाईनं मला रडत विचारलं होतं, ताई, तो एवढ्या लांबून आला आणि माझ्या खिडकीवर? मला तिची समजूत काढता आली नाही.

काय उरलंय तेही सांगायला हवं. हिवाळ्यात दुर्गाडीच्या पुलाखाली कुरव येतात, करड्या पाठीचे, हिमालयापलीकडून आलेले. लोक त्यांना शेव-गाठी टाकतात, ती टाकू नये. गांधारीच्या पुलावरून उल्हासच्या पाण्यावर कवड्या धीवर एका जागी फडफडत थांबलेला अजून दिसतो, जिथं जलपर्णीनं पाणी झाकलेलं नसेल तिथं. सातपुलाला पक्षी पाहायला हौशी मंडळी पहाटे जमतात. उंबार्लीच्या टेकडीवर वणवा लागतो, वर्षातून एकदा तरी, आणि तिथं झाडं लावणारे लोक हातात फांद्या घेऊन तो विझवायला धावतात. जमिनीवर अंडी घालणाऱ्या रातव्याला आणि चंडोलाला त्या उतरणीवर अजून आसरा आहे तो अशा माणसांमुळे. पडल्याच्या बाजूला लव्हाळ्यात लाल मुनिया दिसतात. पण मुंबईहून येणारा बुलेट ट्रेनचा बोगदा खाडीच्या तळाखालून जाऊन तिथं जवळच, शिळफाट्याला, उजेडात येतो.

आणि एक जागा आहे जिचा कुठल्याच नकाशात उल्लेख नाही. भराव पडल्यानंतर आणि इमारत उभी राहण्याआधी मधे जो काळ जातो, परवानग्यांचा, कर्जाचा, कोर्टकज्ज्यांचा, त्या काळातली जमीन. पत्र्याचं कुंपण घातलेला प्लॉट. एका पावसात तिथं तळं साचतं, दुसऱ्या पावसात लव्हाळं उगवतं, आणि नोव्हेंबरात त्या उंच दांड्यांवर गप्पीदास येऊन बसतो. तो मध्य आशियातून, सैबेरियाच्या बाजूनं येतो आणि त्याला कुंपणावरचा फलक वाचता येत नाही. शेकाट्यांची जोडी उथळ पाण्यात पिल्लं काढते. मी आता अशाच जागा धुंडाळते. पत्र्यात फट शोधते, डोळा लावते. जे मिळेल ते लिहून ठेवते, जागेचं नाव नसलं तरी. शेजारच्या दुकानाचं नाव, विजेच्या खांबाचा क्रमांक, पूर्वी इथं कुणाचं शेत होतं ते कुणी सांगितलंच तर तेही. दोन वर्षं, तीन वर्षं. मग क्रेन येते.

गेल्या एप्रिलमध्ये कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या अशाच एका प्लॉटवर मी स्कूटर आत घेतली, तर राखणदार हात हलवत धावत आला.

“ताई, तिकडं नका लावू गाडी. अंडी हायेत.”

राडारोड्याचा पुरुषभर उंच ढीग होता आणि त्याच्या माथ्यावर खडीत टिटवीची चार अंडी होती, निमुळती टोकं आत करून मांडलेली, खडीच्याच रंगाची, वर काळे डाग. त्यानं आजूबाजूला चार विटा उभ्या लावून ठेवल्या होत्या. डंपरवाल्यांना बजावलं होतं, हा ढीग सगळ्यात शेवटी उचलायचा. नर वरून ओरडत आमच्या डोक्यावर झेपावत होता. आम्ही मागे सरून पत्र्याच्या सावलीत उभे राहिलो.

दादा जालन्याकडचा होता. घरी चार एकर कोरडवाहू, धाकटा भाऊ पाहतो. तो म्हणाला, “आमच्याकडं म्हणतात, टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस दांडगा. खाली ओढ्यात घातली की समजायचं, वरीस कोरडं.”

“मग ही?”

“त्येच कळंना. उंच तर हाये. पण ढीग माणसानं केलेला. त्यो धरायचा का नाय?” तो गंभीरपणे विचारत होता, आणि मलाही ते गंभीरच वाटलं. “म्हणून घरी फोन लावला. म्हातारा म्हणला, पाखराला काय ठावं ढीग कुणी केला. तिनं उंच बघितलं ना? मग धर.”

“मग धरलंत?”

“धरलं की. भावाला सांगितलं, कपाशीचं बी आणून ठेव.”